‘दुसरा’ बाँड: जॉर्ज लेझनबी आणि ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅनियल क्रेगने २०२१ मध्ये जेम्स बाँडच्या भूमिकेचा निरोप घेतल्यापासून ‘आता पुढचा कोण?’ हा प्रश्न दर दोन महिन्यांनी उकळी फुटल्यासारखा वर येतो. नावं निघतात, पैजा लागतात, कुणाचे केस सोनेरी आहेत, कुणाची उंची कमी आहे यावर वाद रंगतात. हे सगळं पहिल्यांदा घडलं १९६८-६९ मध्ये. तेव्हा बाँड बदलता येतो हेच मुळी कुणी करून पाहिलेलं नव्हतं. त्या पहिल्या बदलीबद्दल मित्रमंडळींत, ओळखीपाळखीत मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. शेवट फोडणारं उत्तर वेगळं ठेवलंय, तिथे आधी सूचना आहे.

हा चित्रपट मालिकेत कितवा?

सहावा. १९६२ ते १९६७ या काळात शॉन कॉनरीचे पाच चित्रपट झाले. त्यानंतर डिसेंबर १९६९ मध्ये हा आला. इयन फ्लेमिंगची मूळ कादंबरी १९६३ ची. दिग्दर्शक पीटर हंट. आधीच्या बाँडपटांची कात्री याच्याच हातात होती, म्हणजे तो मूळचा संकलक, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच चित्रपट. नायक नवा आणि दिग्दर्शकही नवा. अल्बर्ट ‘कबी’ ब्रॉकली आणि हॅरी साल्ट्झमन या निर्मात्यांची छाती मोठी म्हणायची.

कॉनरीने भूमिका का सोडली?

कंटाळला. प्रत्येक चित्रपटात यंत्रं मोठी होत गेली आणि माणूस लहान. शिवाय प्रसिद्धीचा जाच. पाचव्या चित्रपटासाठी जपानला गेला, तेव्हा पत्रकार त्याच्या मागोमाग थेट स्वच्छतागृहापर्यंत पोचले होते. त्याच मुक्कामात त्याचं जायचं ठरलं.

लेझनबी होता कोण? अभिनयाचा गंध नसलेल्या माणसाला ही भूमिका मिळाली कशी?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण गुप्तहेराची भूमिका मिळवण्यासाठी या गड्याने खरोखरच हेरगिरी केली.

जॉर्ज लेझनबी ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्नचा, जन्म १९३९ चा. कॅनबेराला मोटारी विकायचा. एका मुलीच्या मागे लंडनला आला, तिथेही मोटारीच विकल्या, मग मॉडेलिंगमध्ये शिरला. फ्राय कंपनीच्या चॉकलेटच्या जाहिरातीत खांद्यावर खोकं घेऊन चालणारा रांगडा गडी म्हणून इंग्लंडात घराघरात त्याचा चेहरा ठाऊक होता. नाटक नाही, सिनेमा नाही.

पुढची हकिकत त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. कॉनरीचा शिंपी अँथनी सिंक्लेअर याच्याकडे कॉनरीसाठी शिवलेला, पण कुणी न्यायला न आलेला एक सूट पडून होता. तो याने मिळवला. कॉनरीचे केस कापणाऱ्याकडे जाऊन तसेच केस कापून घेतले. मनगटावर रोलेक्स चढवलं. निर्मात्यांच्या कचेरीत गेला, स्वागतकक्षातल्या बाईंची पाठ वळल्याबरोबर सरळ जिना चढला आणि साल्ट्झमनच्या दारात जाऊन उभा राहिला. कुठे काय काम केलंय विचारल्यावर धडाधड खोटं सांगितलं. पुढे पीटर हंटपाशी खरं काय ते कबूल केलं, तर हंट हसत सुटला. या दोन मुरलेल्या निर्मात्यांना जो बनवू शकतो, तो पडद्यावर बाँड सहज होईल, असा त्याचा हिशेब.

तरी चाचण्या चुकल्या नाहीत. शेकडो उमेदवारांतून पाच जण उरले. मारामारीच्या चाचणीत समोर होता युरी बोरिएन्को, मूळचा पैलवान. लेझनबीला पडद्यावरचा खोटा ठोसा कसा मारतात हेच ठाऊक नव्हतं. त्याने खराच हाणला आणि बोरिएन्कोचं नाक फुटलं. भूमिका तिथेच पक्की झाली म्हणतात. बोरिएन्कोलाही चित्रपटात काम मिळालं, खलनायकाचा दांडगट साथीदार ग्रुंथर म्हणून. बाँडची निवड झाली तेव्हा लेझनबी २९ वर्षांचा होता. आजवरच्या बाँडमध्ये सगळ्यात तरुण तोच.

(याच सुमारास टिमथी डाल्टनलाही विचारणा झाली होती. आपण फार कोवळे आहोत म्हणून त्याने नकार दिला. तो बाँड झाला १९८७ मध्ये.)

नवा चेहरा प्रेक्षकांच्या गळी उतरावा म्हणून काय केलं?

मराठी रंगभूमीवर ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द आपल्या अंगवळणी पडलाय. ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, आणि प्रेक्षक तुलना करत का होईना, तिकीट काढून बसले. पण नाटकात नट बदलतो आणि संहिता तीच राहते. इथे संहिताही नवी आणि माणूसही. त्यामुळे हंटने दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच वेळी केल्या: नवा माणूस लपवलाही आणि दाखवलाही.

सुरुवात बघा. पोर्तुगालच्या किनारी रस्त्यावर ॲस्टन मार्टिन चालली आहे. आपल्याला चालक दिसतो, पण तुकड्यातुकड्यांत. चाकावरचे हात, टोपीची कड, लायटरची ज्योत, ओठातली सिगारेट. चेहरा मिळत नाही. गिंशोच्या समुद्रात बुडायला निघालेल्या बाईला तो उचलून वाळूवर आणतो, तेव्हा कुठे पूर्ण चेहरा दिसतो आणि नाव कानावर पडतं. लगेच मारामारी. मारामारी आटपेपर्यंत बाई मोटार घेऊन पसार, याच्या हातात उरतात तिच्या चपला. मग तो जवळजवळ कॅमेऱ्याकडेच बघून म्हणतो की, असं त्या दुसऱ्याच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. प्रेक्षकाच्या मनात जे चाललंय ते नायकच बोलून मोकळा होतो. मला हे वाक्य धाडसी वाटतं. काहींना ते आगाऊ वाटतं, आणि तेही अगदीच चूक नाहीत.

त्यानंतर मात्र ‘हा तोच आहे बरं का’ असं सतत बजावणं. श्रेयनामावलीत आधीच्या पाच चित्रपटांतली दृश्यं वाळूच्या घड्याळातून झिरपतात. नोकरी सोडायच्या तयारीने बाँड टेबलाचा खण रिकामा करतो, तेव्हा त्यातून निघतं काय? पहिल्या चित्रपटातल्या नायिकेचा सुरा, दुसऱ्यातलं गळा आवळायची तार असलेलं घड्याळ, चौथ्यातली पाण्याखाली श्वास घ्यायची नळी. प्रत्येक वस्तू हातात घेतली की त्या त्या चित्रपटाची धून वाजते. पुढे एक झाडूवाला तिसऱ्या चित्रपटाचं गाणं शिट्टीवर वाजवत जातो. वडिलांच्या कपाटातल्या वस्तू हाताळत ‘आता हे घर माझं’ म्हणणाऱ्या मुलासारखं हे दृश्य आहे, आणि माझ्या मते लेझनबी इथे जरा अवघडलेला दिसतो. उसने कपडे घालून मिळवलेली भूमिका उसन्या वस्तूंनी सिद्ध करायची म्हणजे अवघडच.

त्याच प्रसंगात एक सुरेख गोष्ट आहे. बाँड रागाने राजीनामा सांगतो आणि साहेबांची सचिव मनीपेनी टंकून देते ती रजेची चिठ्ठी, दोन आठवड्यांची. साहेब ती मंजूर करतात आणि दोघेही मनातल्या मनात तिचे आभार मानतात. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही ही बाई लगेच ओळखीची वाटेल.

त्याचा आवाज डब केलेला आहे, हे खरं का?

अर्धवट खरं. बाँड कुलचिन्हांचे तज्ज्ञ सर हिलरी ब्रे यांच्या वेषात खलनायक ब्लोफेल्डच्या डोंगरावर जातो. त्या भागात ऐकू येणारा आवाज ब्रेंची भूमिका करणाऱ्या जॉर्ज बेकरचा आहे. बाकी ठिकाणी लेझनबीचाच. तर्काने योग्य, पण नव्या नटावर अन्याय करणारी युक्ती. चित्रपटाच्या ऐन मध्यात, प्रेक्षकाशी ओळख घट्ट व्हायच्या वेळी, त्याच्या तोंडी परका आवाज.

मग अभिनय वाईट होता की नाही?

विनोदी वाक्यं त्याला जमत नाहीत. कॉनरी भुवई उचलून जे करायचा, ते हा शब्दांवर जोर देऊन करायला जातो आणि फसतो. मारामारीत, धावण्यात तो कॉनरीहून सरस आहे, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात.

पण मला विचाराल तर त्याची खरी परीक्षा एका बाकावर झाली. डोंगरावरून जीव घेऊन निसटलेला बाँड खाली गावात येतो. नाताळची जत्रा भरलेली, दिवे, बँडबाजा, गर्दी. मागावर माणसं आहेत. पांढऱ्या अस्वलाचं सोंग घेतलेला एक फोटोवाला अचानक समोर येऊन फ्लॅश मारतो आणि बाँड दचकतो. हो, बाँड दचकतो! कॉलर वर करून, मान खाली घालून तो बर्फाच्या रिंगणाशेजारी बसून राहतो. दमलेला, भ्यालेला, लपायला जागा नसलेला. मग त्याच्या खाली वळलेल्या नजरेसमोर दोन स्केट्स येऊन थांबतात. तो हळूहळू वर बघतो. ट्रेसी असते, समुद्रातून वाचवलेली तीच बाई, म्हणजे डायना रिग.

कॉनरीच्या चेहऱ्यावर ही भीती प्रेक्षकांनी मानली असती का? त्याच्या बाँडला पाच चित्रपटांत कशाचीच भीती वाटली नव्हती. इथे नट नवखा आहे, त्याचं पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक नाही, आणि तोच नवखेपणा कामी येतो. हंटने निवड अनुभवापोटी केली नव्हती, पण असा प्रसंग लिहिलेला असताना अनुभव नसलेला माणूस पथ्यावर पडला.

ब्लोफेल्ड बाँडला ओळखत का नाही? आधीच्या चित्रपटात दोघं समोरासमोर आले होते ना?

आले होते. घोळ क्रमाचा आहे. फ्लेमिंगची ही कादंबरी आधीची आणि पाचव्या चित्रपटाची, जपानमधली कादंबरी नंतरची, १९६४ ची. चित्रपट मात्र उलट्या क्रमाने निघाले. मूळ पुस्तकात ही पहिलीच भेट, म्हणून ओळख नाही, आणि हंटने पुस्तकाला धरून राहायचं ठरवलं. ‘चेहरा बदललाय म्हणून ओळखलं नाही’ हा रसिकांचा विनोद आहे. पण ब्लोफेल्डही बदललाय की! डोनाल्ड प्लेझन्सच्या जागी टेली सवालस.

डायना रिगने मुद्दाम लसूण खाऊन प्रेमप्रसंग केला, ही गोष्ट खरी?

एकदा पाइनवुड स्टुडिओच्या उपाहारगृहात तिने लांबूनच लेझनबीला ओरडून सांगितलं की, आज मी लसूण खातेय, तूही खा. शेजारी वार्ताहर होते, दुसऱ्या दिवशी ‘बेबनाव’ छापून आला. ती थट्टा होती, असं तिने नंतर स्पष्ट केलं. दोघांचं फार गूळपीठ होतं असं नाही, पण वैरही नव्हतं.

तिची निवड मात्र विचारपूर्वक होती. ‘दि ॲव्हेंजर्स’ या मालिकेमुळे ती आधीच नावाजलेली होती, रंगभूमीवर शेक्सपिअर करून आलेली होती. नवख्याला सांभाळून घेईल अशी कसलेली नटी हवी, हा हेतू. ती सांभाळून तर घेतेच, शिवाय बर्फावर शर्यतीत मोटार हाणणारी, खलनायकाच्या अड्ड्यात एका पैलवानाशी झुंजणारी ट्रेसी या मालिकेत आधी कधी दिसलीच नव्हती.

बर्फातले पाठलाग कसे चित्रित केले? संगणक तर नव्हते.

माणसांनी केले, आणि त्यासाठी किंमत मोजली.

घसरत्या खेळाडूंचं चित्रीकरण विली बोग्नर या जर्मन स्कीपटूकडे होतं. तो कॅमेरा हातात धरून, पाठ उताराकडे करून, उलटा घसरत समोरच्यांना टिपायचा. आकाशातून टिपणारा जॉनी जॉर्डन. आधीच्या बाँडपटाच्या वेळी जपानमध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात त्याने पाय गमावला होता. तरी याही वेळी तो आला, आणि हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या पट्ट्यांच्या झोळीत बसून, चहूबाजूंनी फिरत चित्रण केलं. एक पाय गमावलेला माणूस आल्प्सवर दोरीला लोंबकळतोय, हे डोळ्यांसमोर आणून ती दृश्यं पुन्हा बघा. हा चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच, १९६९ मध्येच, दुसऱ्या एका चित्रपटाचं हवाई चित्रीकरण करताना विमानातून पडून तो गेला.

हिमस्खलनाची कथा गमतीची आहे. साचलेला बर्फ धोकादायक होऊ नये म्हणून स्विस लष्कर दरवर्षी स्फोट करून तो पाडतं. त्याच वेळी कॅमेरे लावायचं ठरलं. पण निवडलेला कडा चित्रीकरणाच्या आधी आपणहूनच कोसळला! मग दुसरीकडे पाडलेला बर्फ, जुनी चित्रफीत आणि स्टुडिओत मिठाने केलेली करामत अशी तिन्हींची मोट बांधली. एकूण चित्रीकरण ऑक्टोबर १९६८ ते मे १९६९. हिवाळा उबदार निघाला, बर्फ वेळेवर पडेना, म्हणून वेळापत्रक जवळजवळ दोन महिने पुढे गेलं.

संकलक आणि दुसऱ्या तुकडीचा दिग्दर्शक होता जॉन ग्लेन. पुढे ऐंशीच्या दशकातले पाचही अधिकृत बाँडपट त्यानेच दिग्दर्शित केले.

यात भारतीय कलाकार आहे का?

आहे, आणि पटकन लक्षात येत नाही. ब्लोफेल्डच्या डोंगरावर ‘ॲलर्जीवरच्या उपचारांसाठी’ देशोदेशींच्या तरुणी ठेवलेल्या असतात. त्यातली भारतीय मुलगी म्हणजे झहीरा. दोनच वर्षांनी ती देव आनंदच्या ‘गॅम्बलर’मध्ये नायिका झाली. त्याच घोळक्यात जोअॅना लुमलीही आहे, तिचं नाव व्हायच्या आधीची.

शीर्षकगीत का नाही?

एवढं लांब नाव गाण्यात कोंबणार कसं? जॉन बॅरीने सरळ शब्दांविना धून केली, मूग सिंथेसायझरच्या घुमणाऱ्या नादासह. मालिकेतली ती सगळ्यात दमदार धून आहे यावर माझ्याशी वाद घालायला जरूर या.

गाणं आहे ते आत, प्रेमाच्या प्रसंगात. शब्द हॅल डेव्हिडचे, गळा लुई आर्मस्ट्राँगचा. तेव्हा आर्मस्ट्राँग आजारी होता, हातात तुतारी धरण्याची ताकद राहिली नव्हती. त्याच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांपैकी हे एक. १९७१ मध्ये तो गेला. गाणं तेव्हा फारसं चाललं नाही, पण १९९४ मध्ये एका बिअरच्या जाहिरातीमुळे ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. २०२१ च्या क्रेगच्या निरोपाच्या चित्रपटातही ते ऐकू येतं. तिथे ते का वापरलंय, हे हा चित्रपट पाहिल्याशिवाय पुरतं कळत नाही.

चित्रपट आपटला म्हणून लेझनबीला काढलं, असं ऐकलंय.

दोन्ही चूक. जगभरात ८ कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला. आधीच्या चित्रपटाने ११ कोटींच्या घरात कमावले होते, त्यामुळे घसरण दिसली, पण तोट्याचं नाव नाही. लेझनबीला गोल्डन ग्लोबचं नवोदित कलाकारासाठीचं नामांकनही मिळालं.

आणि त्याला काढलं नाही, तोच निघून गेला. चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच! त्याच्यापुढे सात चित्रपटांचा करार होता. पण त्याचा सल्लागार रोनन ओराहिली हा समुद्रात जहाज उभं करून ‘रेडिओ कॅरोलाइन’ चालवणारा बंडखोर माणूस. हिप्पींचं युग आलंय, सूटबूटवाल्या सरकारी हेराचे दिवस भरले, असं त्याने पटवलं आणि याला पटलं. लंडनच्या पहिल्या खेळाला लेझनबी दाढी आणि लांब केस वाढवून आला. उसन्या केशभूषेने मिळवलेली भूमिका त्याने केस वाढवून परत केली. निर्माते संतापले यात नवल नाही.

पुढच्या चित्रपटासाठी कॉनरीला साडेबारा लाख डॉलर मोजून परत आणावं लागलं. ती रक्कम त्याने स्कॉटलंडमधल्या शैक्षणिक न्यासाला दिली.

पुढे लेझनबीचं काय झालं?

मोठी कामं मिळेनात म्हणून तो हाँगकाँगला गेला. ब्रूस लीबरोबर चित्रपट करायची बोलणी चालू होती. २० जुलै १९७३ च्या रात्री दोघं जेवायला भेटणार होते, त्याच दिवशी ली गेला. त्यानंतर हाँगकाँगचे मारधाडपट, छोट्या-मोठ्या भूमिका, आणि उतारवयात रसिकांच्या मेळाव्यांत आपलीच फजिती रंगवून सांगणं. जुलै २०२४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. डायना रिग २०२० मध्ये वारली.

शेवट एवढा गाजलेला का आहे? (चित्रपट पाहिला नसेल तर हे उत्तर गाळा.)

बाँड लग्न करतो. हार-फुलांनी सजवलेली मोटार, सासऱ्यांचे डोळे भरलेले, मनीपेनी रडतेय. वाटेत तो फुलं काढून टाकायला थांबतो, ब्लोफेल्डची मोटार शेजारून जाते, त्याची साथीदार इर्मा बुंट गोळ्या झाडते. बाँड धडपडत आत येतो, ‘ब्लोफेल्ड होता’ म्हणत गाडी चालू करायला जातो, आणि शेजारी बघतो.

काचेला एक भोक. ट्रेसी. पोलीस शिपाई मोटारसायकलवरून उतरून विचारपूस करतो, तर बाँड शांतपणे सांगतो की काही नाही, ती विश्रांती घेतेय. घाई नाही, आपल्याकडे वेळच वेळ आहे. आर्मस्ट्राँगच्या गाण्याचेच शब्द. लेझनबी इथे रडत नाही, आवाज चढवत नाही, नुसता कुजबुजतो. ज्यांना तो नट वाटत नाही त्यांनी हा दीड मिनिट पाहावा.

बुंटची भूमिका करणारी इल्झे श्टेपाट चित्रपट लागल्यावर काही दिवसांतच हृदयविकाराने वारली. म्हणून या खुनाचा हिशेब पडद्यावर नीट चुकता झालाच नाही.

नंतरच्या नव्या बाँडसाठी यातून काही उचललं गेलं का?

उचललं, आणि काही मुद्दाम टाळलं. १९७३ मध्ये रॉजर मूर आला तेव्हा जुन्या वस्तूंचा खण कुणी उघडला नाही, त्याला त्याच्या स्वभावाची वाक्यं दिली. २००६ मध्ये क्रेगच्या वेळी थेट पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा प्रेम, पुन्हा विश्वास, पुन्हा घाव असं सगळं आणलं. तोवर १४२ मिनिटांचा हाच चित्रपट मालिकेतला सगळ्यात लांब होता, क्रेगचा पहिला त्याहून दोनच मिनिटांनी जास्त. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन तर हा आपला सर्वात आवडता बाँडपट असल्याचं सांगतो. पुढचा बाँडपट डेनी विलनव्ह दिग्दर्शित करणार, असं जून २०२५ मध्ये जाहीर झालं. त्याने खण उघडू नये, बाक जरूर ठेवावा, एवढीच माझी अपेक्षा.

ब्लोफेल्डचा डोंगरावरचा अड्डा म्हणून दाखवलेलं ते फिरतं उपाहारगृह खरं आहे का? जाता येतं?

खरं आहे. स्वित्झर्लंडमध्ये म्युरेन गावाच्या वर, शिल्टहॉर्न शिखरावर, २,९७० मीटरवर. चित्रीकरणासाठी जागा शोधत माणसं पोचली तेव्हा ते अर्धवट बांधलेलं होतं. निर्मात्यांनी काम पुरं करायला आणि हेलिकॉप्टर उतरायचा चौथरा बांधायला पैसे दिले, बदल्यात जागा वापरायला मिळाली. कादंबरीतलं ‘पिझ ग्लोरिया’ हे नाव उपाहारगृहाने कायमचं लावून घेतलं. यातली गंमत अशी की ‘पिझ’ हा रोमान्श भाषेतला शब्द, ती बोलतात पार पूर्वेकडच्या ग्राउब्युंडनमध्ये, आणि फ्लेमिंगचा डोंगरही तिकडचाच. इथले लोक जर्मन बोलतात. कोल्हापुरातल्या एखाद्या गडाला कोकणी नाव चिकटावं तसं झालंय.

आपल्याकडच्या सहली बहुतेक युंगफ्राउ नाहीतर टिटलिसला नेतात. लाउटरब्रुननच्या खोऱ्यात मुक्काम असेल तर एक सकाळ मोकळी मागून घ्या आणि केबलकारने वर जा, मध्ये बिर्ग नावाचा थांबा लागतो. वर बाँडचं छोटं प्रदर्शनही आहे. फक्त धुक्याच्या दिवशी जाऊ नका. खालच्या स्थानकावर पडद्यावर शिखराचं थेट चित्र दिसतं, ते पाहूनच तिकीट काढा.